छाटीतली सिगार

"पलंग येईल, शिलाई मशीन येईल, तुझा तो जुना टाइपरायटरसुद्धा येईल," निरंजनदादा म्हणाले. "पण आई, या सिगारी येणार नाहीत."

बाई खुर्चीत बसल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता, वॉकर पुढ्यातच होता. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. मी ओळखलं, आता काही खरं नाही. बाई संतापल्या की आधी चष्मा पुसायच्या.

मी द्वारका, सिन्नरची. वयाच्या दहाव्या वर्षापासून तीस वर्षं विड्या वळल्या. मग डोळे अधू झाले, पाठ धरली, तेव्हा नाशिकला मनोरमाबाई चौबळांकडे स्वयंपाकाला आणि सोबतीला राहिले, ती अकरा वर्षं. बाईंना आता एकटीनं राहणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांचा मुलगा त्यांना जोधपूरला आपल्या घरी घेऊन चालला होता. माझी लेक तिच्या सासरी सुखात होती. मागे रडायला कोणी नव्हतं, तेव्हा बाईंबरोबर मीही निघाले होते.

आता सिगारींचं सांगते, कारण ऐकणाऱ्याला आधी खरंच वाटत नाही. बाई सरकारी नोकरीत लघुलेखिका होत्या. नवरा तरुणपणीच गेला. तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी त्यांना क्यूबाला पाठवलं, तिथल्या आपल्या वकिलातीत. तीन वर्षं तिथं होत्या. येताना बायका सोनं आणतात, साड्या आणतात, बाईंनी सिगारी आणल्या. पुढेही कोणी तिकडून येणार असलं की मागवायच्या. दर रविवारी सकाळी जेवणाआधी गॅलरीत बसून एक ओढायच्या. खालून जाणारे येणारे माना वर करून बघायचे. बाईही त्यांच्याकडे बघायच्या, आणि आधी मान खाली घालायचे ते लोकच.

शिसवी लाकडाचं कमरेएवढं कपाट होतं. आतून देवदार. दारात ओलावा सांगणारा एक काटा, मनगटी घड्याळाएवढा. काटा साठ ते सत्तरच्या मध्ये हवा. वर गेला तर बुरशी, खाली आला तर सिगार कोरडी पडून तडकते. तडकलेली सिगार म्हणजे फुटलेली बांगडी, तिला कोणी विचारत नाही. काही पेट्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या होत्या. त्यांची किंमत आता काय झाली आहे हे निरंजनदादांनी कुठूनतरी काढलं होतं, आणि जोधपूरचे एक हॉटेलवाले, सिंघवी म्हणून, सगळ्या घ्यायला तयारही होते.

म्हणजे सिगारी जोधपूरला जायला दादांची हरकत नव्हती. त्या बाईंच्या म्हणून जायला होती.

"सिंघवींचा माणूस येऊन इथूनच घेऊन जाईल," दादा म्हणाले. "सामानवाले जबाबदारी घ्यायला तयार नाहीत. विमानात नेता येणार नाहीत. मे महिन्यात ट्रकमधून दोन दिवस. आई, त्यांचा पाचोळा होईल. आणि तुला तरी आता कुठे आठवतं काय कुठे ठेवलंय ते. परवा औषधाच्या गोळ्या दोनदा घेतल्यास."

गोळ्या एकदाच घेतल्या होत्या. दुसऱ्यांदा मी दिली ती कॅल्शियमची होती. हे मी दादांना सांगितलंही होतं. पण त्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं, आई विसरते म्हणून. गेल्या महिन्यात बँकेचं, दवाखान्याचं, घराच्या किल्ल्यांचं, सगळं याच एका वाक्यावर त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं.

"मला हलवता येतं, मग सिगारींना का नाही?" बाईंनी विचारलं.

दादा हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तिकडे होतीस ती तीन वर्षं मी पाचगणीच्या वसतिगृहात होतो. सहा वर्षांचा. ते कपाट दिसलं की मला तेच दिसतं."

मला वाईट वाटलं. खोटं का बोलू, त्या क्षणी मला तो माणूस नाही, पोरगाच दिसला. बाईंनाही लागलं असणार.

"त्या नोकरीच्या पगारावर तू त्या शाळेत होतास," बाई म्हणाल्या. "तुला माझा राग आहे तर माझ्यावर काढ. सिगारींवर काढू नकोस."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "द्वारके, नेशील?"

मी हो म्हणाले. दोनशे बारा सिगारी कशा न्यायच्या, कशात न्यायच्या, काही विचार केला नव्हता. हो म्हणाले.

दादा हसले. वाईट हसणं नव्हतं ते, थकल्यासारखं होतं. म्हणाले, "हिनंच नाही का एक पेटी उन्हात वाळवली होती?"

वाळवली होती. नाकारायचं कशाला. मी कामाला लागले त्याच पावसाळ्यातली गोष्ट. कपाट पुसायला उघडलं, सिगारी हाताला मऊ लागल्या. विडी वळून झाली की ती भट्टीत शेकतात, ओली विडी कोणी घेत नाही. मला वाटलं, म्हातारीच्या विड्या सादळल्या. उन्हाची तिरीप आली तशी एक पेटी गच्चीवर पसरली, वरून दुपारी तव्याच्या उबेलाही ठेवली. पंचवीसच्या पंचवीस कामातून गेल्या. बाईंनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता सामान बांधा. तर त्यांनी मला समोर बसवलं, एक धड आणि एक वाळलेली सिगार माझ्या दोन हातांत दिली आणि डोळे मिटून दाबायला लावलं. त्या दिवसापासून कपाट माझ्याकडे होतं.

"तेव्हा हिला शिकवलं नव्हतं. ती चूक माझी," बाई म्हणाल्या. "निरंजन, ऐक. तुझ्या सिंघवींना घरी बोलव. त्यांच्यासमोर पेट्या उघडू. एक जरी तडकलेली निघाली तर सगळ्या त्यांना देऊन टाक, आणि माझ्या कुठल्याच वस्तूबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तू ठेवशील तशी राहीन. पण एकही तडकली नसली तर कपाट माझ्या खोलीत राहील, किल्ली माझ्याकडे राहील, आणि मी विसरते हे वाक्य तू माझ्या देखत पुन्हा बोलायचं नाहीस."

दादांनी हात जोडले आणि कबूल केलं. त्यांची खात्री होती.

मी दोन दिवस खपले. कपाट रिकामंच ट्रकमध्ये जाणार होतं. सिगारींसाठी बाईंची पत्र्याची मोठी ट्रंक घेतली. मासेवाले वापरतात तसले थर्माकोलचे डबे आणून त्यांचे तुकडे ट्रंकेला आतून सगळीकडून बसवले. त्यात पेट्या रचल्या. साबणाच्या दोन डब्यांना भोकं पाडली, आत ओला करून पिळलेला स्पंज ठेवला. पाणी उकळून गार केलेलं, नळाचं चालत नाही. वाटेत स्पंज ओला करायला त्याच पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर. कपाटातला काटा काढून ट्रंकेत ठेवला. अडुसष्टवर होता. वर जुनं धुवट लुगडं घालून ट्रंक सुतळीनं बांधली.

निघायच्या सकाळी बाईंना गाडीत बसवायला मी खाली गेले होते. त्या आणि दादा मुंबईहून विमानानं जाणार होते. मी ट्रकमधून. दादा म्हणाले, बरं दिसत नाही, मी तिकीट काढतो रेल्वेचं. मी म्हटलं, ट्रंक जाईल तिथं मी जाणार. ट्रकचा ड्रायव्हर भंवरलाल, पालीकडचा, पन्नाशीचा. नाशिकहून कांदा वाहून वाहून मराठी बोलायचा. त्यानंही आधी नाही म्हटलं, बाईमाणूस केबिनमध्ये नको. मी वर चढून बसले. बसलेल्या माणसाला खाली उतरवायला हात धरावा लागतो, आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

पहिला दिवस बरा गेला. पेठ, धरमपूर, मग हमरस्ता. अहमदाबादच्या पुढे थांबलो, मी ट्रंक न उघडता बाहेरून हात लावून बघितला, गार होती. गाद्यांच्या मधे ठेवली होती, ऊन लागत नव्हतं. उघडली नाही ही माझी चूक. मी म्हटलं, सारखी उघडझाप नको.

दुसऱ्या दिवशी आबूरोड मागे टाकलं आणि अकराच्या सुमारास ट्रक तापला. बॉनेटमधून वाफ. उजाड रस्ता, बाभळी, एक ढाबा आणि वर आग ओकणारं आभाळ. भंवरलाल उतरला, खुडबुड करायला लागला. मी मागे चढले, म्हटलं आता सावली आहे तोवर एकदा बघून घेऊ. सुतळी सोडली आणि हातच थांबले. सुतळीची गाठ माझी नव्हती.

आत पेट्यांच्या फटीफटीतून छोट्या पांढऱ्या पुड्या खोचलेल्या होत्या. नव्या चपलांच्या खोक्यात असतात ना, ओल शोषून घेणाऱ्या, त्या. मूठभर नाही, दोन ओंजळी. सामान बांधणाऱ्यांचा मुकादम सोपान, भला माणूस, मी खाली गेले तेवढ्यात त्यानं मौल्यवान सामान म्हणून आपल्या परीनं काळजी घेतली होती. कॅमेऱ्याला जे करतात तेच. त्याला शिव्या द्याव्यात तर माझ्याच गच्चीवरच्या पंचवीस सिगारी आठवल्या. स्पंज खडखडीत होऊन डबीला चिकटला होता. काटा एक्कावन्नवर.

मी पुड्या वेचून रस्त्यावर फेकल्या आणि बाटल्या आणायला केबिनकडे धावले. बाटल्या रिकाम्या होत्या. भंवरलालनं दोन्ही रेडिएटरमध्ये ओतल्या होत्या. "पाणी तर पाणी आहे, बहनजी," असं म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. तो मुकाट ऐकत राहिला. एवढंच म्हणाला की पाणी घालूनही उपयोग नाही, पंपच गेला आहे, सिरोहीहून नवा येईपर्यंत उद्या उजाडेल.

ढाब्याला मागे एक मातीची खोली होती, जाड भिंतींची. ढाबेवाल्याची म्हातारी आई तिथं बसायची. आम्ही दोघांनी ट्रंक तिथं नेली. मी पेट्या एकेक करून उघडल्या. वरच्या थरातल्या सिगारी हाताला कोरड्या लागत होत्या, पण अजून कुरकुरत नव्हत्या. आत जीव होता. तिसऱ्या पेटीतली एक घेतली, पिवळ्या पट्टीची, अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबली, आणि ती फुटली. बारीक टक्क असा आवाज आला. वरच्या पानाला मधोमध चीर गेली.

माझ्याच बोटाखाली. अकरा वर्षं ज्या बोटांना बाईंनी शिकवलं त्याच बोटांखाली.

म्हातारी काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. माझ्यापुढं एकच दिसत होतं, बाई जोधपूरच्या घरात एका कोपऱ्यात बसल्या आहेत, कोणी देईल ते खातायत, ठेवील तिथं राहतायत आणि तोंड उघडत नाहीत. मग मला राग आला. पुड्यांचा नाही, भंवरलालचा नाही, कोणाचा ते सांगता येणार नाही, पण आला. रडू येण्यापेक्षा बरा. मी उठले.

ढाब्यावरचं पाणी खारं होतं. त्या भागात सगळंच पाणी खारं, चहासुद्धा खारट. पण मला आठवलं, आम्ही सिन्नरला काय करायचो. उन्हाळ्यात तंबाखू फार कोरडी आली की विडीतून सांडते. तेव्हा फुटक्या मडक्याची खापरी पाण्यात भिजत घालायची, वरून पुसायची आणि तंबाखूच्या डब्यात ठेवून झाकण लावायचं. तासाभरात तंबाखू हाताशी येते. पाणी खारं असलं तरी काय. भाताच्या पाण्यात मीठ घालतो, पण झाकणावर जमलेलं पाणी चाखून बघा, अळणी असतं. वाफेबरोबर मीठ वर येत नाही. हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही, चुलीपुढं कळलं.

म्हातारीच्या दारामागं फुटलेला माठ होता. खुणा करून मागितला. तिनं दिला, वर मदतीलाही बसली. दहा-बारा खापऱ्या फोडल्या, कडा घासल्या, भिजवल्या, पुसल्या, ट्रंकेच्या चारी बाजूंना ठेवल्या. सिगारींना टेकणार नाहीत अशा. झाकण लावलं, वरून ओलं गोणपाट घातलं आणि खोलीचं दार लोटलं. दर दोन तासांनी खापऱ्या बदलल्या. दुपारी काटा पंचावन्न, ऊन उतरताना एकोणसाठ.

राहिली ती तडकलेली सिगार.

आता विडीच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. दिवसभर वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात गेलं की तपासनीस एकेक मूठ बघतो आणि खराब म्हणून काही बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीतली विडी मोजणीत नाही. म्हणून बायका आधीच दहा-वीस जास्त वळतात. पण गंमत अशी की छाट आम्हाला परत मिळायची नाही. ती तपासनीस ठेवून घ्यायचा आणि विकायचाही. तीस वर्षांत माझ्या हातच्या किती विड्या अशा गेल्या असतील, देव जाणे. एकदा मी म्हटलं होतं, खराब आहे तर द्या माझी मला. तर मला आठवडाभर पानच दिलं नाही वळायला.

तर ती सिगार हातात घेऊन मी मनाशी म्हटलं, ही छाट. बाजूला काढली, मोजणीतून गेली. दुसरा विचारच आला नाही. हात तसेच वळलेले होते. पण तिचं करायचं काय? ट्रंकेत ठेवता येत नव्हती. बाभळीत फेकून द्यायला हात होईना. क्यूबात ती कुठल्यातरी बाईनंच वळली असणार, बाई नेहमी सांगायच्या की तिथल्या कारखान्यात रांगेनं बायका बसतात. माझ्यासारखीच कोणी, पाठ दुखणारी. चाळीस वर्षांनी तिचं काम मी उकिरड्यावर टाकू?

मी थुंकी लावून चीर चिकटवली, चुलीतलं पेटतं कोलीत घेतलं आणि ढाब्याच्या बाजेवर, भर रस्त्याकडं तोंड करून, ती ओढली. तीस वर्षं विड्या वळल्या, पण तोंडाला कधी लावली नव्हती. नवऱ्यानं ओढली, सासऱ्यानं ओढली, मी वळली. पहिल्या झुरक्याला असा ठसका लागला की भंवरलाल पाणी घेऊन धावला. मी त्याला हातानं थांबवलं. ट्रकवाले येता-जाता थांबून बघत होते. एकानं शिट्टी घातली. मी बाईंसारखीच त्याच्याकडं बघत राहिले. तो गेला. मी सिगार बोटांना चटका बसेपर्यंत ओढली. चव कशी होती म्हणाल तर जुन्या कपाटाची आणि गुळाची. डोकं भणभणत होतं, आणि मला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

पंप आला, ट्रक सुरू झाला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जोधपूरला पोचलो. काटा पासष्टवर होता.

दिवाणखान्यात सिंघवी आधीच येऊन बसले होते. पांढरा सफारी, हातात अंगठ्या, वागायला मात्र अदबशीर. बाई समोरच्या खुर्चीत. तीन दिवसांत वाळल्यासारख्या दिसत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. दादांनी स्वतः सुतळी कापली. खापऱ्या बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

सिंघवींनी एकेक पेटी मांडीवर घेतली. माणूस जाणकार होता. प्रत्येक सिगार कानाशी धरून दाबायचे, नाकाशी न्यायचे, परत जागेवर ठेवायचे. मी उभी होते. तोंड मी सरळ ठेवलं. तासभर ते चाललं. शेवटी त्यांनी हात रुमालाला पुसले आणि हिंदीत म्हणाले, एकही तडकलेली नाही, माझ्या हॉटेलातसुद्धा इतक्या चांगल्या राहिल्या नसत्या. हे कोणी केलं म्हणून विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात दादा म्हणाले, "दोनशे अकरा."

ते मघापासून कागदावर मोजत होते.

"नाशकात मी तुला विचारलं होतं, आई. दोनशे बारा होत्या. हा आकडा तूच सांगितला होतास. एक कुठंय?"

छाट काढताना मी मोजणीचा विचारच केला नव्हता. कारखान्यात जास्तीच्या वळलेल्या असतात. इथं जास्तीच्या कुठून येणार होत्या?

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग चष्मा न पुसता, अगदी शांतपणे म्हणाल्या, "मीच मोजायला चुकले असेन. दोनशे अकराच होत्या बहुतेक. हल्ली विसरायला होतं मला."

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. दादांच्या चेहऱ्यावर समाधान आलेलं मी बघितलं. त्यांना हवं ते वाक्य त्यांना मिळालं होतं, आईच्याच तोंडून, तिऱ्हाइतासमोर. सिगारी राहिल्या असत्या, पण बाकी सगळं त्या एका वाक्यानं गेलं असतं. किल्ली, कपाट, बाईंचा शब्द. आणि ते माझ्यासाठी.

"नाही बाई," मी म्हणाले. "तुमची मोजणी बरोबर आहे. दोनशे बारा होत्या. एक मी ओढली."

सिंघवी खोकले. दादा माझ्याकडे बघत राहिले.

"तू ओढलीस?"

"हो. वाटेत, ढाब्यावर. पिवळ्या पट्टीची, तिसऱ्या पेटीतली."

"तुला माहीत आहे ती केवढ्याची होती? ही चोरी आहे."

"असेल," मी म्हणाले. "पण तुमच्या आई विसरत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. त्यांनी सांगितल्या तेवढ्याच होत्या. औषधाची गोळीही त्यांनी एकदाच घेतली होती."

दादांचा चेहरा लाल झाला. ते आईकडे वळले. हिला उद्याच्या उद्या परत पाठवायचं, चोर माणूस मी घरात ठेवणार नाही, म्हणाले. बाईंनी त्यांना बोलू दिलं. सगळं बोलून झाल्यावर वॉकर धरून उभ्या राहिल्या. उभं राहायला त्यांना वेळ लागायचा. कोणी मदतीला गेलं नाही, मीही गेले नाही, त्यांना चाललं नसतं.

"आपलं बोलणं तडकलेल्या सिगारींचं झालं होतं," बाई म्हणाल्या. "किती आहेत याचं नाही. सिंघवीसाहेबांनी सगळ्या बघितल्या. सिगारी माझ्या आहेत, तेव्हा चोरी झाली असेल तर माझी झाली. मी तक्रार करत नाही. कपाट माझ्या खोलीत ठेवायला सांग, निरंजन. आणि द्वारका कुठं जाणार नाही."

सिंघवी उठले, बाईंना वाकून नमस्कार केला आणि निघाले. दादा त्यांना पोचवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत. मग आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं दोन माणसं कपाट उचलून बाईंच्या खोलीत ठेवून गेली. दादांनी शब्द पाळला. वाईट माणूस नव्हता तो. पुढं बारा वर्षं मी त्या घरात राहिले, त्यांनी आईला विसरतेस असं माझ्या देखत कधी म्हटलं नाही. मला मात्र वर्षभर नावानं हाक मारली नाही.

संध्याकाळ होत आली होती. मी कपाटात पेट्या लावत होते. काटा दाराला परत बसवला. बाई पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. मला त्यांच्याकडं मान वर करून बघवत नव्हतं. खोटं काहीच बोलले नव्हते मी, पण खरंही सगळं सांगितलं नव्हतं.

"शेवटपर्यंत ओढलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ठसका लागला?"

"लागला. पहिल्यांदा."

बाई म्हणाल्या, "अकरा वर्षांत तू माझ्या फ्रीजमधला पेढा विचारल्याशिवाय उचलला नाहीस, द्वारके. आणि धड सिगार काढून ओढलीस होय? कुठं तडकली होती?"

माझ्या हातातली पेटी तशीच राहिली.

"मधोमध," मी म्हणाले. "माझ्याच बोटाखाली."

"आण ती पेटी इकडं."

मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दोन सिगारी काढल्या, बोटांत धरून दाबून बघितल्या, एक स्वतःला ठेवली आणि दुसरी माझ्यापुढं धरली.

"तडकलेलीवरून चव ठरवू नये," बाई म्हणाल्या. "ही धड आहे. बस इथं."

मी उठून दार लावायला गेले.

"दार उघडंच राहू दे," त्या म्हणाल्या.